दाणापात्राशेजारचा शिक्रा : सहाव्या आठवड्यापर्यंतची नोंद

पक्ष्यांसाठी दाणे ठेवलेल्या भांड्याजवळ, म्हणजे दाणापात्राजवळ, येणाऱ्या एका शिक्र्याचे (छोट्या शिकारी पक्ष्याचे) फोटो मी खिडकीतून काढतेय. आतापर्यंत दोन हजारांवर फ्रेम काढून झाल्या. ठेवण्यासारख्या अकरा, आणि त्यातल्या नऊ गेल्या दहा दिवसांतल्या. आधी काय चुकत होतं ते आता बरंच कळलंय, म्हणून लिहून ठेवते.

पक्षी कोवळा आहे. पाठ तपकिरी, छातीवर उभे तपकिरी फराटे, बुबुळ पिवळं. प्रौढ शिक्र्याच्या छातीवर तांबूस आडव्या बारीक रेघा असतात आणि नराचा डोळा लाल होतो. पहिल्या दिवशी बेसरा (शिक्र्यासारखाच दिसणारा शिकारी पक्षी) असेल का अशी शंका आली होती. पण गळ्याच्या मधोमध उतरणारी रेघ अगदी बारीक आहे. बेसऱ्याची ठळक, जाड असते. त्या एका रेघेसाठी समोरून फोटो मिळायला चार दिवस लागले.

पहिले दोन आठवडे मी दाणापात्रावरच फोकस लावून बसत होते. तो झडप घालेल आणि मी टिपेन, असा हिशोब. हाती आल्या त्या रिकाम्या फ्रेम, उधळलेले दाणे आणि एका कोपऱ्यात शेपटीचं टोक. झडप डोळ्यांना दिसेपर्यंत संपलेली असते. शिक्र्याचे पंख आखूड आणि गोलसर, शेपटी लांब. झाडाझुडपांतून वळणं घेत जवळून हल्ला करण्यासाठीच ती ठेवण आहे. तो दुरून दिसेल असा येतच नाही.

तिसऱ्या आठवड्यात कॅमेरा बाजूला ठेवून नुसती वही घेऊन बसले. हा काळ वाया गेला असं वाटत होतं, पण सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. सात वेळा तो आला, त्यातल्या पाच वेळा आधी त्याच वाळक्या फांदीवर बसला. दाणापात्रापासून सहा-सात मीटर, जमिनीपासून माझ्या खांद्याएवढी उंच. तिथे तो दहा-दहा मिनिटं मान फिरवत बसतो. आणि तो दिसण्याआधी बातमी लागते : खार शेपटी झटकत एकसुरी चिर्र-चिर्र लावते, बुलबुल कर्कश ओरडतात, मग चिमण्या एकदम गप्प होतात. ती शांतता झाली की मी श्वास धरते. आता फोकस त्या फांदीवर असतो, दाणापात्र फ्रेममध्ये नसतं.

काचेचा त्रास वेगळाच. खिडकीतून तिरकं काढलेलं सगळं पिसांवर धुकं पसरल्यासारखं आलं. लेन्स काचेला काटकोनात, हूड (लेन्सच्या तोंडावरची कड) जवळजवळ टेकवून, खोलीतला दिवा बंद आणि मागे काळं कापड, एवढं केल्यावर फरक पडला. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावून पाहिला, पण तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) आणि सकाळी तेवढा उजेड नसतोच. शेवटी खिडकीची फट उघडी ठेवून कापडाआड बसणं हाच मार्ग. तपशील स्पष्ट येतो तो तेव्हाच.

सेटिंग : बसलेला असेल तर शटरचा वेग १/५०० सेकंद पुरतो. उडतानाचं १/२५०० च्या खाली मी आता जातच नाही. १/१६०० ला चेहरा धारदार आला, पंखांची टोकं मात्र वाहून गेली. ॲपर्चर (लेन्सचं उघडं छिद्र) ६.३, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००. त्याने फोटोत येणारा दाणेदारपणा नंतर कमी करता येतो, हललेलं पीस परत आणता येत नाही. मागे आभाळ असलं की एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) पाऊण स्टॉप वाढवते, नाहीतर डोळा काळवंडतो. इलेक्ट्रॉनिक शटरवर माझ्या कॅमेऱ्यात पंख वाकडे येतात, म्हणून मेकॅनिकलच.

उड्डाणाची खूण सांगते, कारण त्याने माझं काम सर्वाधिक सोपं केलं. उडण्याआधी तो बहुतेक वेळा अंग पुढे झुकवतो, शिटतो, आणि पुढच्या काही क्षणांत झेपावतो. शिटलेला दिसला की बर्स्ट (एकापाठोपाठ झटपट फोटो) सुरू करायचा. नऊपैकी सहा फ्रेम अशाच मिळाल्या.

चौथ्या आठवड्यात एक वाईट गोष्ट घडली. शिक्रा आल्यावर एक होला घाबरून थेट खिडकीवर आपटला. अर्धा तास खोक्यात, अंधारात ठेवल्यावर सावरला आणि उडाला, पण तो आवाज माझ्या डोक्यातून जात नाही. दाणापात्र खिडकीपासून तीन मीटरवर होतं, म्हणजे पक्षी वेग घेऊन काचेपर्यंत पोचेल एवढ्या बरोबर अंतरावर. आता ते काचेपासून एक मीटरच्या आत आणलंय, काचेवर बाहेरून दाट ठिपके चिकटवलेत आणि दाट झुडूप दोन उड्यांवर आहे. शिवाय दहा दिवस दाणे घातलेच नाहीत. फोटोसाठी छोटे पक्षी एका जागी गोळा करून त्यांना शिकार होऊ देणं मला मान्य नाही. शिक्रा शिकार करतो ते त्याचं जगणं आहे. त्याला आमिष दाखवणं माझं काम नव्हे. आवाजाची ध्वनिफीतही वाजवत नाही.

दाणे नसतानाही तो फांदीवर आला, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याने तिथून दाणापात्राकडे नाही, खाली पालापाचोळ्यात पाहिलं आणि सरडा उचलला. पंख पसरून भक्ष्य झाकलेली ती फ्रेम आतापर्यंतची सगळ्यात आवडती. पण तिच्यात डोळा दुधाळ आलाय : तिसरी पापणी (पक्ष्यांच्या डोळ्यावरून सरकणारा पातळ पडदा) नेमकी त्या क्षणी मिटलेली. पुढच्या-मागच्या फ्रेममध्ये डोळा स्वच्छ आहे, तिथे पंख मिटलेले.

उद्यापासून बैठक आणखी खाली नेते, जवळजवळ जमिनीवर. सरडा पुन्हा त्याच पाचोळ्यात असेल तर शिक्र्याचा फोटो त्याच्या नजरेच्या पातळीवरून मिळेल.