नळीतलं हिरवं पाणी

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाळाची आतडी पोटाबाहेर आहेत. वय लहान आहे तुमचं, पुढच्या वेळी बघा." घरी मावससासूबाईंनी ग्रहणाचा विषय काढला. त्या दिवशी मी भाजी चिरली होती का, हे आठवत रात्रभर जागी होते.

पुण्यात लहान मुलांच्या सर्जनना दाखवलं. त्यांनी आधी पाहिलं, आतड्यांवर आवरण आहे का. आवरण असतं तर तो ओम्फॅलोसील. त्यात हृदयाचे, गुणसूत्रांचे दोष सोबत निघू शकतात. आमच्या बाळाला आवरण नव्हतं आणि भोक बेंबीच्या उजवीकडे होतं. हा गॅस्ट्रोस्किसिस. चांगल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, अशी दहातली नऊ बाळं तरी वाचतात, म्हणाले. मी ग्रहणाचं विचारलंच. ते हसले नाहीत. "पोटाची भिंत पहिल्या तीन महिन्यांतच बनते, ताई. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

त्यांनी बजावलं ते एकच : बाळंतपण सर्जन असतील तिथेच. उघड्या आतड्यांतून बाळाची ऊब आणि पाणी झपाट्याने जातं, प्रवास झेपत नाही. माहेरी जायचं रद्द झालं, आईच पुण्याला आली.

37व्या आठवड्यात नॉर्मल डिलिव्हरी झाली. लेक रडली, तिला छातीपर्यंत निर्जंतुक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून नेलं. संध्याकाळी पाहिलं तर सुजलेली, लालसर आतडी एका पारदर्शक पिशवीत, पिशवी वर टांगलेली. त्याला सायलो म्हणतात. रोज थोडी थोडी आत सरकवत पाचव्या दिवशी पोट शिवलं.

मला वाटलं, सुटलो. पण खरी परीक्षा पुढे होती. आतडी आत गेली तरी कामाला लागत नव्हती. हाताच्या शिरेतून टीपीएन, म्हणजे थेट रक्तात दिलं जाणारं पोषण, चालू; नाकातल्या नळीतून पोटात साचलेलं हिरवं पाणी, म्हणजे पित्त, बाहेर यायचं. सिस्टर रोज मोजायच्या : 40 मिली, 32, पुन्हा 38. मी दर तीन तासांनी दूध काढून, तारीख लिहून फ्रीजरला द्यायचे. एकोणिसाव्या दिवशी पाणी पांढुरकं झालं आणि 2 मिली दूध सुरू केलं. पोट फुगलं, दोन दिवस बंद. परत 2 मिली. तिने शी केली तेव्हा सिस्टरच धावत सांगायला आल्या.

बेचाळिसाव्या दिवशी घरी आलो. आता ती दोन वर्षांची आहे, वरणभात मागून खाते. घरी सोडताना डॉक्टरांनी लिहून दिलं होतं : हिरवी उलटी झाली तर घरी वाट बघायची नाही, लगेच आणायचं. तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.