भिंत आमची, अक्षरं त्यांची

आमच्या गावात घरमालक सोडून बाकी सगळ्यांनी घरांच्या भिंतींवर लिहिलेलं आहे. डांबरी रस्त्याला लागून जे पहिलं घर आहे त्याची भिंत मातीची, वर कवेलू, आणि भिंतीवर पुरुषभर उंचीच्या निळ्या अक्षरांत सिमेंटची जाहिरात. घर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, असं सांगणारी ही भिंत दर आखाडात बुडाशी थोडी थोडी खचते. रंगवणारी पोरं मोटरसायकलवर डबे बांधून येतात. "काकाजी, भिंत फुकट रंगवून देऊ का?" असं विचारतात, आणि काकाजींना नाही म्हणायला काही कारण सापडत नाही. तेवढाच चुन्याचा खर्च वाचतो. पुढच्या हंगामात तीच भिंत कपाशीच्या बियाण्याची होते, मग मोबाइलची. भिंतीवरचे भाडेकरू बदलत राहतात, भाडं कोणीच देत नाही.

सरकारही मागे नाही. पोलिओ डोसवाल्या ताई चौकटीशेजारी खडूनं घराचा नंबर, तारीख आणि एक इंग्रजी 'पी' काढून जातात. जनगणनेवाल्यांचा आकडा त्याच्या वर, फवारणीवाल्यांचा खाली. आमच्या दाराशी एवढे आकडे झालेत की पाहुण्याला वाटावं इथे कोणी उधारीचा हिशेब ठेवतं.

पक्षांचं तर विचारूच नका. आचारसंहिता लागली की ग्रामपंचायतीचा माणूस चुन्याची बादली घेऊन निघतो आणि दिसेल त्या चिन्हावर कुंचा फिरवतो. पहिले दोन पाऊस पडले, चुना उतरला, की चिन्ह परत वर येतं. तेही एकटं येत नाही, मागच्या निवडणुकीचं सोबत घेऊन येतं. पाराशेजारच्या भिंतीवर दोन विरोधी चिन्हं एकमेकांत अशी मिसळली आहेत की ही युती आधी आमच्या गावात झाली आणि मग मुंबईत, अशी थट्टा पारावर नेहमी चालते.

हे लफडं फार जुनं आहे, हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं. इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. माणसं गेली, भिंती राहिल्या, आणि भिंतींवर निवडणुकीचा प्रचार राहिला. आमच्यासारखीच तऱ्हा, आधी भिंतीला पांढरा हात, मग त्यावर लाल अक्षरं. काम बहुधा रात्री चाले, सोबत शिडी आणि कंदील धरायला माणूस. एमिलियस सेलर नावाच्या रंगाऱ्यानं मजकुराखाली नोंदच करून ठेवली आहे की हे मी एकट्यानं, चांदण्यात लिहिलं. मजुरीत कंदीलवाला परवडला नसेल बिचाऱ्याला. दुसऱ्या एका मजकुराशी सरळ शाप आहे, की हे पुसणाऱ्या जळक्या माणसा, तू आजारी पडशील. वातिया नावाच्या उमेदवाराला तर 'भुरट्या चोरांचा पाठिंबा' आणि 'रात्री उशिरापर्यंत पिणाऱ्या समस्त मंडळींचा पाठिंबा' असे मजकूर आहेत. हा खोडसाळपणा विरोधकांचा, असा अभ्यासकांचा कयास आहे. मला तर ही सगळी माणसं आमच्या पारावरचीच वाटतात.

पण पाँपेईच्या भिंतींवर आणखी खूप काही होतं. प्रेम, शिव्या, हिशेब, खानावळीतली भांडणं. म्हणजे ज्याला काही म्हणायचं होतं तो म्हणून जात होता. एकानं तर लिहिलंय, हे भिंती, एवढ्या लिहिणाऱ्यांचा कंटाळा अंगावर घेऊन तू अजून कोसळली कशी नाहीस? आमच्या भिंतींवर हेच दिसत नाही. भिंतीमागे राहणाऱ्या माणसाचं त्यावर एक अक्षर नाही.

न्यूयॉर्कमध्ये एका ग्रीक घरातल्या पोराला हेच खुपलं असावं. वस्तू पोचवायचं काम करत तो शहरभर हिंडायचा, आणि जाईल तिथे मार्करनं आपलं लाडाचं नाव आणि पुढे आपल्या गल्लीचा नंबर टाकायचा, टाकी १८३. २१ जुलै १९७१ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'नं त्याची बातमी छापली आणि त्याच्या मागे पोरांची रांगच लागली. पुढे आगगाडीचे डबेच्या डबे रंगले; ते सगळे साफ झाले, असं जाहीर करायला शहराला १९८९ उजाडावं लागलं. त्या बातमीतला त्याचा एक सवाल मला फार पटतो. निवडणुकीत पक्षवाले जिकडेतिकडे स्टिकर चिकटवतात, त्यांना सोडून लहान माणसाच्याच मागे का लागता, असं त्यानं विचारलं होतं. आमच्या काकाजींनी विचारायला हवं ते या पोरानं विचारलं.

आमच्याकडचे जवान पोरंही नावं लिहितात, पण घरच्या भिंतीवर नाही. त्यासाठी चिखलदऱ्याला जातात आणि गाविलगडच्या दगडावर बाण घुसलेला बदाम कोरतात. मला ते आवडत नाही. पण रागवावं तर अजिंठा आठवतो. तिथे १० व्या लेण्यात एका जुन्या चित्रावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं एप्रिल १८१९ मध्ये आपलं नाव कोरून ठेवलंय. लेणी 'शोधली' म्हणून त्याचं नाव पुस्तकात छापतात, आमच्या पोराला मात्र चौकीदार हाकलतो.

एक माणूस मात्र या सगळ्यांत वेगळा होता. गावातला एक म्हातारा, मोझरीचा भक्त, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनाला खंजिरी वाजवणारा. गेरूचा डबा घेऊन तो सकाळीच निघायचा आणि जिथे जागा दिसेल तिथे 'जय गुरुदेव' लिहायचा. पुलाच्या कठड्यावर, विहिरीच्या थारोळ्यावर, एसटीच्या निवाऱ्यावर. कोणी त्याला विचारलं नाही, त्यानं कोणाला विचारलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत असाच एक माणूस होऊन गेला, आर्थर स्टेस. दारूत बुडालेला, लिहिणं-वाचणं जेमतेम. १९३० च्या सुमारास देवाच्या नादी लागला, एक प्रवचन ऐकलं आणि त्यातला एकच शब्द धरून बसला, 'अनंतकाळ'. पुढची तीसेक वर्षं पहाटे उठून तो फुटपाथवर खडूनं तेवढाच शब्द लिहीत राहिला, देखण्या वळणदार अक्षरात. असं पाच लाख वेळा लिहिलं असेल, असं म्हणतात. १९६७ मध्ये तो गेला. २००० साल उजाडताना सिडनीच्या हार्बर ब्रिजवर दिव्यांनी झळकला तो त्याचाच शब्द, त्याच्याच वळणाचा. आमच्या म्हाताऱ्याच्या अक्षराला वळण नव्हतं. 'गुरुदेव'मधला रु कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ, लहर लागेल तसा.

अलीकडे ग्रामपंचायतीनंही भिंती रंगवून घेतल्या. झाड, नळ, दप्तर घेतलेली मुलगी. चांगलं आहे, पण चार गावांतल्या मुलीचे डोळे सारखेच, कारण पेंटर एकच. आणि पुढचं अभियान आलं की हिच्यावरही कुंचा फिरणार. न्यूयॉर्कमध्ये असा कुंचा एका मालकाला चांगलाच महागात पडला. क्वीन्समधल्या त्याच्या जुन्या कारखान्यावर, 'फाइव्ह पॉइंट्झ'वर, चित्रकार त्याच्याच परवानगीनं वर्षानुवर्षं चित्रं काढत होते. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यानं रातोरात सगळ्यावर पांढरा रंग फासला. २१ चित्रकार कोर्टात गेले आणि २०१८ मध्ये न्यायाधीशांनी ६७ लाख डॉलर भरपाई ठरवली. हे मी पारावर सांगितलं तेव्हा आमचा पेंटर बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मले तं पहिल्याच कामाचे पैसे भेटले नाही, राजेहो."

आता पोळ्याकडे येतो, कारण कास्तकार स्वतःचं काही लिहितो ते तेव्हाच. भिंतीवर नाही, बैलावर.

आदल्या दिवशी खांदशेकणी होते. हळद-लोण्यानं खांदे शेकून बैलाच्या कानात 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या' म्हणायचं. दुसऱ्या दिवशी आंघोळ, शिंगांना हिंगूळ, बेगड, पाठीवर झूल. आणि ज्याला काही सांगायचं असेल तो झूल बाजूला ठेवतो. काडीला चिंधी गुंडाळायची आणि गेरू जरा घट्टच कालवायचा, पातळ झाला की ओघळतो. अंगाला ओलं लागलं की पांढऱ्या बैलाची कातडी माशी बसल्यासारखी थरथरते आणि 'क'ची गाठ तिथेच फिसकटते. बरगड्यांवरून काना सरळ जात नाही. एकानं शेपूट धरून ठेवावी लागते, नाहीतर शेवटचं अक्षर बैल स्वतःच पुसून टाकतो. असं करत करत मजकूर उमटतो, कर्जमाफीचा, पीकविम्याचा, आणि सगळ्यात जास्त भावाचा. २०२५ मध्ये तर पोळा तीन दिवसांवर असताना सरकारनं बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. त्या वर्षी गेरू कोणाला विकत घ्यायला सांगावं लागलं नाही.

भिंती विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे, पण त्यात कोणी बैलाचा विचार केला नसावा. बैल आपला, गेरू आपला, दोन पावसांत धुऊन जाणार, आणि तोवर सारा गाव वाचणार. तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या, म्हणजे पोळ्यातली यमकं जुळवलेली गाणी, सुरू होतात. बैलावर जे मावत नाही ते झडतीत येतं, आणि प्रत्येकीच्या शेवटी गाव ओरडतं, हर बोला हर हर महादेव.

त्या वर्षी शेजारच्या पोरानं एका बैलावर 'कापसाले' आणि दुसऱ्यावर 'भाव द्या' लिहिलं होतं. पण जोडी शेजारी शेजारी उभी राहिली की एका बाजूच्या माणसाला एकच बैल दिसतो. तोरणाच्या डावीकडे खुर्च्या होत्या. तिथून पाहुण्यांनी 'भाव द्या' वाचलं, हसून विचारलं, "कशाचा भाव?"

पोरानं कासरा सोडला नाही. म्हणाला, "इकून या ना साहेब, अर्धं इकून आहे."