आमची वाटचाल : बांबू त्यांचा, वर्कशॉप आमचं

आमची फर्म छोटीशी आहे. नागपूरला वर्कशॉप, बांबूचं फर्निचर, लॅम्पशेड, रिसॉर्टवाल्यांना पार्टिशन आणि छताची कामं, असं सगळं करतो. कुठे प्रदर्शनात स्टॉल लावला की कोणीतरी येऊन विचारतंच की तुम्ही गडचिरोलीच्या गावांचं सक्षमीकरण नेमकं कसं करता, आणि मला दरवेळी ऑकवर्ड होतं. कारण आम्ही काहीच केलेलं नाही. गावांनी आपापलं केलं आणि त्यामुळे आमचा धंदा टिकला, खरा क्रम असा आहे.

सुरुवातीला आम्ही बांबू व्यापाऱ्याकडून घ्यायचो. तो कुठून यायचा, कोणी कापला, त्याला किती मिळाले, काही पत्ता नाही. ट्रक आला की उतरवून घ्यायचा आणि मग रडत बसायचं, कारण त्यात निम्मा माल कवळा. कवळ्या बांबूची खुर्ची दिसायला झकास होते पण वाळली की आकसते, चिरते, आणि भुंगा लागला की खाली पिवळी पावडर पडायला लागते. कस्टमरचा फोन येतो तो थेट शिव्यांनीच सुरू होतो. व्यापाऱ्याला सांगितलं की म्हणायचा जंगलातून असंच येतं, घ्यायचं तर घ्या.

तेव्हा आम्हाला वाटायचं प्रॉब्लेम क्वालिटी कंट्रोलचा आहे. तो तसा नव्हताच, जंगल कोणाचं आणि कापणारा कोणाचा, इथेच सगळं अडलं होतं.

थोडं मागे जावं लागेल. आपल्याकडे बांबू वर्षानुवर्षं वनखात्याच्या ताब्यात, लिलाव नाहीतर कागद कारखान्यांना लीज, आणि जंगलाच्या काठावर राहणाऱ्या माणसाने टोपलीसाठी चार बांबू आणले तरी तो चोर. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासीबहुल भागातल्या, ग्रामसभांना गौण वनोपजाची (जंगलातून मिळणाऱ्या लाकडाशिवायच्या वस्तूंची) मालकी दिली, पण ती बरीच वर्षं कागदावरच. मग 2006 चा वनहक्क कायदा आला, त्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट लिहिलंय. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये साधारण 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि तरीही विकलेला बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर घोडं अडलं. शेवटी एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात गेलं. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत तर परवाना ग्रामसभेची समितीच देईल असं आलं. मेंढ्याचे पुढारी देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाबद्दल खूप लिहून आलंय त्यामुळे मी जास्त लिहीत नाही, पण 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा आम्ही आधी नुसती भिंतीवरची पाटी म्हणून वाचली होती. तिचा अर्थ कळला तो खरेदीला गेल्यावर.

आम्ही ज्या ग्रामसभेकडे पहिल्यांदा गेलो (नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना विचारलेलं नाही) तिथे आमचा कोटेशनचा कागद कोणी हातातच घेतला नाही. आधी बसा म्हणाले. सगळा गाव जमेपर्यंत दुपार झाली, बायका मागे नाही तर पुढेच बसल्या होत्या, आणि मग प्रश्न सुरू. किती लांबीचा पाहिजे, पैसे कधी देणार, उशीर झाला तर काय, तुमचा माल कितीला विकता. शेवटचा प्रश्न ऐकून आमचा पार्टनर गडबडला, धंद्यात असं कोणी विचारत नाही ना. पण ते त्यांना माहीत असायलाच हवं होतं, नाहीतर भाव कशावरून ठरवणार? त्या दिवशी ठरलं काहीच नाही. मतदान वगैरे नसतं, सगळे हो म्हणेपर्यंत विषय पुढच्या बैठकीला जातो. आम्हाला तेव्हा हे भयंकर स्लो वाटलं. पण नंतर लक्षात आलं की एकदा ठरलं की मग कोणी मागून येऊन फाटे फोडत नाही, आणि व्यापाऱ्याबरोबरचे आमचे तोंडी झटपट सौदे दर महिन्याला बदलायचे, मग फास्ट कोण म्हणायचं.

आता तो मुद्दा ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. बांबूच्या बेटात नवीन कोंब बाहेरच्या कडेने येतात, आमच्याकडे त्यांना वास्ते म्हणतात. जुने, पक्के बांबू आत मध्यावर राहतात. आता ठेकेदाराचा मजूर नगावर पैसे घेतो, त्याला आत शिरून काटक्या बाजूला करून पक्का बांबू ओढून काढायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून तो कडेचे सोपे बांबू कापतो आणि पुढच्या बेटाकडे जातो. त्याची चूक नाही, पुढच्या वर्षी तो तिथे असणारच नाही. पण त्याने बेटाचं वाटोळं होतं, मध्ये गचपण होते आणि नवीन यायचं थांबतं. गावाचा माणूस आत शिरतो. कोयत्याने ठोकून आवाज ऐकतो, पेरावर पांढरी भुकटी किंवा पापुद्रा दिसला की सोडून देतो, खोडावर शेवाळासारखे डाग असले की हा पिकला म्हणतो. तीन वर्षांच्या आतला हात लावायचा नाही, जमिनीपासून एक-दोन पेरं सोडून कापायचं, पावसाळ्यात कापणी बंद. हे सगळं वनखात्याच्या पुस्तकातही आहे हो. फरक एवढाच की तीन वर्षांनी तेच बेट त्यालाच कापायचंय. जी क्वालिटी आम्ही चेकिंग करून, दंड लावून, भांडून मिळवू शकलो नाही ती अशी आपोआप आली.

पावसाळ्यावरून मात्र एकदा चांगलीच ठिणगी पडली. एका रिसॉर्टची मोठी ऑर्डर ऑगस्टमध्ये आली, आम्ही जास्त भाव द्यायला तयार होतो, फोनवर फोन केले. तिकडून एका मावशींनी शांतपणे सांगितलं, "तुमाले पावसाळ्यात बांबू पाहिजे असन त उन्हाळ्यातच भरून ठेवा ना भाऊ, बेट काय तुमच्या ऑर्डरले पाहून वाढते का?" ऑर्डर गेली. पण मग आम्ही कर्ज काढून शेड बांधली, भुंगा लागू नये म्हणून बांबू बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात बुडवायची, म्हणजे ट्रीटमेंटची, टाकी केली, आणि आता वर्षभराचा माल आमच्याकडे सुकलेला तयार असतो. जास्त पैशाला नाही म्हणू शकणारा सप्लायर असणं किती फायद्याचं असतं हे बिझनेसच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

पैशाचं असं आहे की कापणाऱ्याची मजुरी वेगळी आणि ग्रामसभेची रॉयल्टी वेगळी, दोन्ही आमच्या बिलात वेगवेगळ्या ओळीत. ग्रामसभेच्या खात्यात आलेला प्रत्येक पैसा बैठकीत वाचून दाखवतात. आगीच्या दिवसात जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेला पट्टा) काढायला, जंगलाच्या राखणीला, कोणाच्या आजारपणाला उचल म्हणून तो जातो. कशावर खर्च करायचा यात आम्ही तोंड घालत नाही, एकदा सीएसआरवाल्या (कंपन्यांच्या समाजकार्याच्या फंडवाल्या) एका पाहुण्याने सोलर दिव्यांचं सुचवलं तेव्हा त्यालाही बैठकीला बसवलं, तो तासाभरात निघाला.

सगळं गोडगोड नाही. एका नाक्यावर आमचा ट्रक रात्रभर अडवला, ग्रामसभेच्या सहीचा परवाना आम्ही मानत नाही म्हणे. सकाळी गावातून समितीची एक पोरगी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नियमांची झेरॉक्स घेऊन मोटरसायकलवर मागे बसून आली, नियम वाचून दाखवला, समोरच्याला दोनदा वाचायला लावला, आणि ट्रक सुटला. आमच्या वकिलाने एवढ्याच कामाची वेगळी फी घेतली असती. दुसऱ्या एका गावाला एका व्यापाऱ्याने तेंदूपत्त्याचा भाव आकाशाला भिडवून करार केला आणि निम्म्या पैशावर गायब झाला, तेव्हापासून तिथे आगाऊ रक्कम खात्यात आल्याशिवाय मालाला हात लावू देत नाहीत, आम्हालाही नाही. आमच्या कॅश फ्लोची त्याने वाट लागते, बँकवाला ग्रामसभा म्हटलं की अजूनही ट्रस्टचे कागद मागतो, पण त्यांची अट बरोबर आहे आणि आम्ही ती पाळतो.

यावर्षी बोलणं चाललंय ते टाकीचं. ट्रीटमेंट गावातच करायची, टाकी ग्रामसभेच्या मालकीची, म्हणजे कच्चा बांबू न विकता प्रक्रिया केलेला विकता येईल आणि तो फक्त आम्हालाच विकायचा असंही बंधन नाही. पार्टनर म्हणतो उद्या त्यांनी दुसऱ्याला विकला तर? मी म्हटलं विकतील की, मग आपल्याला भाव नीट द्यावा लागेल. दोन बैठका झाल्यात, पाणी कुठून घ्यायचं आणि वापरलेलं द्रावण नाल्यात जाणार नाही याची जबाबदारी कोणाची, यावर अडलंय.