सुंगटांची सालं आणि माझे गुडघे

११ जुलै, वेंगुर्ला

पाऊस सकाळपासून खळलेला नाही आणि गुडघ्यांना ते माझ्याआधी कळलं होतं. हाताची बोटं उठल्या उठल्या मिटत नाहीत, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. साठीनंतर असं व्हायचंच, असं सगळे म्हणतात. पण माझ्या दुखण्याला दावेदार दोन. एक वय. दुसरी, दुपारच्या जेवणाबरोबर मोठ्या पेलाभर पाण्याने घ्यायची ४०० मिलिग्रॅमची इमॅटिनिब, माझ्या रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी. तिच्याने पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांखाली सूज येते, हाडं आणि सांधेही दुखतात. यातला वयाचा वाटा किती आणि गोळीचा किती, हे वेगळं काढून देणारी तपासणी अजून कोणी मला दाखवलेली नाही.

तरी त्या गोळीबद्दल वाईट बोलवत नाही. सीएमएल, म्हणजे हा माझा रक्ताचा कॅन्सर, म्हटलं की एके काळी माणसं निरवानिरवीला लागायची. २००१ मध्ये अमेरिकेत ही गोळी मान्य झाली आणि चित्र पालटलं. मूळ कंपनीची गोळी तेव्हा महिन्याला लाखाच्या घरात जायची. २०१३ च्या एप्रिलमध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने तिला पेटंट नाकारलं, म्हणून इथली स्वस्त गोळी बाजारात टिकली आणि म्हणून मी दर तीन महिन्यांनी तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसून परळला टाटा हॉस्पिटलात पीसीआरला, म्हणजे रक्तात आजार किती उरलाय ते मोजायच्या तपासणीला, जाऊ शकते.

आज ठाण्याच्या भाच्याकडून पार्सल आलं. सांधेदुखीवर म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनचा भला मोठा डबा, सोबत हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. ग्लुकोसामाइन कशापासून? तर कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून. दुपारीच खाडीतली सुंगटां सोलून सालं माडाच्या आळ्यात टाकली होती! माझा माड बहुतेक शंभर वर्षं गुडघेदुखीशिवाय उभा राहणार.

माडाचं जाऊ दे, माणसांना किती उपयोग होतो? अमेरिकेत दीड हजारांवर गुडघेदुखीवाल्यांवर चाचणी झाली होती, २००६ मध्ये तिचा निकाल छापून आला. सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर ग्लुकोसामाइन आणि औषध नसलेली, नुसती दाखवायची गोळी यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. जास्त दुखणाऱ्या थोड्यांना ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन (सांध्यांसाठी विकतात तसलंच दुसरं) एकत्र घेऊन बरं वाटलं, एवढंच. गंमत म्हणजे दाखवायची गोळी घेणाऱ्यांतल्या शंभरातल्या साठांनाही बरं वाटलं होतं. त्यांचा मला हेवा वाटतो.

हळदीचं प्रकरण जास्त नाजूक. आमटीतली चिमूटभर हळद कोणी बंद करायला सांगितलेली नाही. तिच्यात कर्क्युमिन, म्हणजे तिचं औषधी द्रव्य, शेकडा तीनच्या आसपास. कॅप्सूलमध्ये मात्र नुसता अर्क, आणि तो अंगात मुरावा म्हणून मिरीचा अर्क घातलेला. माझी गोळी लिव्हरमधल्या ज्या एन्झाइमने मोडली जाते, त्याच्या कामात हे दोन्ही ढवळाढवळ करू शकतात. मग गोळी रक्तात किती राहणार, याचा भरवसा कोण देणार?

संध्याकाळी शेजारची सून गुळवेलीचा तुकडा घेऊन आली. आंब्यावर चढलेली, ताजी. "काकी, झाडपालोच तो, त्येचो कसलो त्रास?"

तिला काय सांगू? कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या काही जणांचं लिव्हर बिघडल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये लिहिलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. तो वाद त्यांचा त्यांनी मिटवावा. माझी अडचण वेगळीच आहे: उद्या लिव्हरचे आकडे वाढले, तर पहिला संशय माझ्या मुख्य गोळीवर जाणार आणि पहिली तीच थांबणार. गुळवेलीचं नाव कोणी घेणार नाही, कारण ती "औषध नाही" म्हणून डॉक्टरांना कोणी सांगतच नाही. टाटाच्या बाकावर असे कितीतरी जण भेटतात. रांगेत मला सगळं सांगतात, काढे, भस्मं, कोणा महाराजांची पुडी, आत गेल्यावर डॉक्टरांनी "आणखी काही घेता का?" विचारलं की "नाही" म्हणून मोकळे.

मी फाइलच्या मागच्या पानावर सगळं लिहून ठेवते, डब्यांचे फोटोही काढते. डॉक्टर मनापासून वाचतात, कधी हसतात. गेल्या खेपेला त्यांनी रक्तातलं ड जीवनसत्त्व आणि फॉस्फेट बघितलं, कारण या गोळीने फॉस्फेट उतरू शकतं. ड कमी निघालं, ते त्यांनीच लिहून दिलं. दुखणं फार झालं तर पॅरासिटामॉल. बाकीच्या पेनकिलरना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, किडनी आणि प्लेटलेट दोन्ही सांभाळायचे आहेत.

आणि निरगुडीचा शेक आहेच. पाला तव्यावर गरम करून फडक्यात बांधायचा. तो पोटात जात नाही, म्हणून माझं त्याच्याशी भांडण नाही. तासभर तरी गुडघे माणसात येतात.

शेजारच्या सुनेला दुखवलं नाही, चहा पाजला, गुळवेल तिच्याच सासऱ्यांसाठी परत दिली. (त्यांनाही डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांना विचारून घ्या म्हटलं. तिने मान हलवली, विचारणार नाही हे मला माहीत आहे.) भाच्याला फोन केला तर तो फुरंगटला, "मावशी, एवढं महागाचं मागवलं होतं." डबा फोडलेला नाही, गणपतीला येशील तेव्हा घेऊन जा म्हटलं. त्याचं वजन बघता त्याच्या गुडघ्यांनाच तो आधी लागेल.