आत्याला ‘बे’ म्हणते का?

अमेरिकेत, कोलंबस शहरात आमच्या पोरीच्या सॉकर टीमला कोच मिळेना, म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात पडली. सगळ्या नऊ-दहा वर्षांच्या. सात-सात जणींची मॅच, चार नंबरचा बॉल, आणि या वयात डोक्यानं बॉल मारायला मनाई. हाफटाइमला कुणाची तरी आई संत्र्याच्या फोडी आणते. नागपूरकरानं त्या मुकाट्यानं खाव्यात.

पहिल्या सीझनला मी बाहेरून सारखी ओरडायचे, ‘डावीकडे दे! आता मार!’ त्यामुळे एक पोरगी बॉल आला की आधी माझ्याकडे बघायची, तोवर बॉल गेलेला असायचा. वर तिचं ‘सॉरी, कोच!’ आमच्या लीगमध्ये एक शनिवार कोच आणि आईबापांनी तोंड उघडायचं नसतं. त्या दिवशी ती कुणाकडे न बघता वळली, दोघींना चकवलं आणि बॉल थेट पोस्टवर हाणला. गोल झाला नाही, पण ‘सॉरी’ही आलं नाही.

तिथे १९७२ पासून कायदाच आहे, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांत मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही, खेळातसुद्धा. १९९१ चा पहिला महिला फुटबॉल विश्वचषक अमेरिकेनंच जिंकला. तरी पोरी माफी मागतातच.

डिसेंबरात नागपूरला आले. हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरं पाहून झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला, तो याच गावात. आमच्या कॉलनीत मात्र अख्खं मैदान क्रिकेटवाल्या पोट्ट्यांचं. भाची आणि तिच्या सात मैत्रिणींना भिंतीकडचा कोपरा, चपलांचे गोलपोस्ट.

बॉल हुकला की तोंडावर हात. ‘जाऊ दे ना आत्या, मले नाही जमत.’ म्हणजे इथलं सॉरीच!

मग नियम केला: ‘नाही जमत’ म्हणेल तिलाच पुन्हा बॉल. एकास एक खेळायचं, बॉल गेला तर पाच मोजायच्या आत परत हिसकवायचा. पहिल्या दिवशी खिदळण्यातच पाच संपायचे. मी फक्त मोजत होते, मोठ्यानं. बाकी तोंड बंद, हेच जड गेलं.

चौथ्या दिवशी भाची धाडकन पडली. गुडघा सोलला. मी धावत जाऊन वाकले, तर ती मलाच ढकलून उठली.

‘सरक ना बे आत्या, बॉल तिकडे गेला!’

भिंतीपलीकडून वहिनी ओरडली, ‘काय गं, आत्याला बे म्हणते का?’

मी तीनपर्यंत मोजलं होतं.