लान्सारोते: राखेतल्या खड्ड्यांची रेड वाइन

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी लान्सारोतेला आम्ही ज्वालामुखी बघायला गेलो होतो, पण मन रमलं ते एल ग्रिफोत. कॅनरी बेटांवरची ही सर्वांत जुनी वायनरी १७७५ सालची. गेल्या पाच पिढ्या ती एकाच कुटुंबाकडे आहे.

थेट वाइन चाखायला बसू नका. आधी ला हेरिया या द्राक्षमळ्यांच्या भागातल्या रस्त्याने, म्हणजे एलझेड-३० वरून, सावकाश या. १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं इथला ज्वालामुखी आग ओकत होता आणि चांगली पिकाऊ जमीन राखेखाली गेली. शेतकऱ्यांनी राख उपसून खालच्या मातीपर्यंत खड्डे खणले, काही तर तीन मीटर खोल, आणि त्यात वेल लावले. कोकणात कलमाला आळं करतात तसंच, फक्त माणूस आत उतरेल एवढं! वाऱ्याच्या बाजूला काळ्या दगडांचा अर्धगोल गडगा. वर्षाला पाऊस जेमतेम १५० मिलिमीटर. राखेचा थर दंव शोषतो आणि ओल टिकवतो. नाशिकला मांडवाखालून फिरलेली मी, इथे जमिनीलगत पसरलेल्या त्या एकेकट्या वेलांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. यंत्र इथे चालत नाही, सगळी तोडणी हातानेच.

बेट नावाजलेलं आहे ते माल्व्हासिया द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनमुळे, आणि ती सुरेखच लागते. तरी लिस्तान नेग्रो या काळ्या द्राक्षाची रेड चुकवू नका. रंगाला फिकी, अंगाने हलकी, लाल फळांचा आंबटपणा आणि मागून मिऱ्याची चव. थोडी गार करून घ्या. सोबत सालासकट मिठात उकडलेले बटाटे आणि तिखट लाल मोहो चटणी मिळाली, तर आणखी काही नको.

बसच्या भरवशावर राहू नका. गाडी भाड्याने घ्या, आणि चालवणाऱ्याने वाइन घेऊ नये. मार्गदर्शकासोबतची फेरी आधी आरक्षित करा. जुन्या इमारतीतल्या संग्रहालयाला तासभर द्या, तिथली जुनी अवजारं निवांत बघण्यासारखी आहेत. तोडणी बघायची तर जुलै-ऑगस्टमध्ये जा. खड्ड्यांत मात्र उतरू नका, कडा ढासळतात. शेंगेन व्हिसा चालतो. माद्रिदहून विमानाने अडीच-तीन तास. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत ठेवा, भारतात माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही. आम्ही दोघांनी मिळून चार आणल्या, त्यातल्या तीन रेड.