कोंबडीची एका दिवसाची वीस पिल्लं : बल्बखालून खुराड्यापर्यंत (माझा अनुभव)

पिल्लं आणायच्या आदल्या संध्याकाळीच जागा तयार हवी आणि बल्ब रात्रभर जळलेला हवा. पिल्लं आल्यावर बल्ब लावला तर हवा लगेच तापते, पण खालचं तूस गारच राहतं आणि पायांतून पिल्लू गारठतं. पहिल्या आठवड्यात पुष्कळ पिल्लं उबेच्या चुकीनं दगावतात. म्हणून उबेबद्दल सगळ्यात जास्त लिहिते.

वीस पिल्लांसाठी मी दीड फूट उंच पुठ्ठ्याचं गोल कुंपण करते, आतून साधारण तीन फूट रुंद. गोलच करायचं. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लं एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. खाली दोन इंच भाताचं तूस, त्यावर पहिले तीन दिवस धुऊन वाळवलेलं गोणपाट. वर्तमानपत्र अंथरू नका. गुळगुळीत कागदावर पाय घसरून दोन बाजूंना फाकतात आणि तसेच राहिले की पिल्लू उभंच राहू शकत नाही. दिसताक्षणी दोन्ही पाय नेहमीइतक्या अंतरावर मऊ पट्टीनं सैलसर बांधले तर दोन-तीन दिवसांत सुधारतात, उशीर झाला की नाही.

बल्ब जुन्या पद्धतीचा, आत तार असलेला पिवळाच लागतो. एलईडी उजेड देतो, पिल्लांना पुरेल अशी ऊब देत नाही. मी एक शंभरचा आणि एक साठचा, वेगवेगळ्या होल्डरवर लावते, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा चालू राहतो. जमिनीपासून एक ते दीड फूट उंचीवर, आणि नुसत्या वायरवर न लोंबकळवता साखळीला किंवा तारेला पक्के बांधून. गरम बल्ब तुसात पडला तर आग लागते.

पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस हवेत, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, म्हणजे बल्ब थोडा वर घ्यायचा. थर्मामीटर जवळ असावा, पण निर्णय पिल्लांकडे बघून घ्यावा. बल्बखाली घोळका करून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. कुंपणाला चिकटून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वाऱ्याचा झोत येतोय, तिथे पोतं लावा. सगळीकडे विखुरलेली, काही खाताहेत, काही पाय पसरून झोपलीत आणि आवाज हळू आहे, हे बरोबर. हे रात्री अकराला आणि पहाटे चारला बघायचं, कारण चूक तेव्हाच होते. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यात दुपारी बल्ब बंदच ठेवावा लागतो, पहाटे मात्र लागू शकतो.

वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून मध्ये ठेवायच्या आणि वरून पोतं टाकायचं, हवेला फट ठेवून. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची नाही. तिच्या विषारी वायूनं पिल्लं झोपेतच जातात.

अंड्यातून निघताना पिल्लू उरलेला बलक पोटात घेऊन येतं, त्यावर ते दोन-अडीच दिवस काढतं. म्हणूनच ती खोक्यातून एवढा प्रवास झेलतात. पण आल्याबरोबर आधी पाणी, खाद्य नंतर. उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात मूठभर गूळ, फक्त पहिल्या दिवशी. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवायची, म्हणजे त्याला पाणी कळतं. पाण्याच्या ताटलीत गोटे किंवा खडे टाकायचे, नाहीतर पिल्लू आत पडून भिजतं, आणि भिजलेलं पिल्लू तासाभरात गार पडतं. तीन-चार तासांनी गोणपाटावर मक्याचा बारीक भरडा पसरते. दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य.

पहिल्या रात्री एकेक पिल्लू हातात घेऊन गळ्याखालची अन्नपिशवी बोटानं चाचपते. भरलेली आणि मऊ लागली तर ठीक. खडखडीत लागली तर खाल्लंय पण प्यायलं नाही. रिकामी असेल त्याला वेगळं काढून हातानं पाजायचं. त्याच वेळी शेपटीखाली बघायचं. तिथे विष्ठा वाळून भोक बुजलं असेल तर कोमट पाण्याच्या कापसानं भिजवून सोडवायची. ओढली तर कातडी निघते.

सहा आठवड्यांत एक पिल्लू अंदाजे एक ते सव्वा किलो खाद्य खातं. वीस पिल्लांना २५ किलो पुरतं. पावसाळ्यात एकदम मोठं पोतं घेऊन ठेवू नका, बुरशी धरते आणि तिचं विष पिल्लाच्या यकृतावर जातं. वास कुबट आला की ते खाद्य फेकून द्यायचं, वाळवून वापरायचं नाही.

लसींत हयगय नको. मरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणाऱ्या विषाणूच्या रोगाची) लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी देतात, घेताना विचारून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेतची) लस, डोळ्यात एक थेंब. थेंब टाकल्यावर पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत सोडायचं नाही, नाहीतर थेंब गालावरून ओघळतो. चौदाव्या दिवशी गंबोरोची (पिल्लांची प्रतिकारशक्ती घालवणाऱ्या रोगाची) लस, अठ्ठाविसाव्याला पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस, आठव्यात आर-टू-बीचं (हीही मानमोडीचीच लस) इंजेक्शन. आपल्या भागातल्या पशुवैद्यकाला विचारून दिवस पक्के करा. लस थर्मासमध्ये बर्फात आणायची आणि मिसळल्यावर तासाभरात संपवायची. सगळ्यात छोटी बाटलीसुद्धा शंभर मात्रांच्या आसपास असते, म्हणून शेजारच्या दोन-चार घरांनी एकाच दिवशी पिल्लं आणली तर फार सोयीचं.

तिसऱ्या आठवड्यापासून धोका रक्ती हगवणीचा. पंख खाली लोंबलेले, पिसं फुगवलेली, विष्ठेत रक्त. तिचे जंतू विष्ठेतून पडल्यावर ओल आणि ऊब मिळाली की लागण करण्याजोगे होतात, म्हणजे पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस हेच खरं मूळ. ते रोज काढायचं, बाकीचं तूस सकाळी हातानं खालवर करायचं आणि भांडं विटेवर ठेवून पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणायचं. मी गुडघ्यावर बसून नाक पिल्लांच्या उंचीला नेऊन ओल्या तुसाचा उग्र वास येतो का बघते. उभ्यानं काही जाणवत नाही, खाली मात्र डोळे चुरचुरतात. पिल्लं दिवसभर तीच हवा घेतात. रक्ती हगवणीवर औषध ॲम्प्रोलियम, मात्रा पशुवैद्यक सांगतील तीच.

कुंपण दर आठवड्याला मोठं करत न्यायचं. चौथ्या आठवड्यात दर पिल्लामागे एक चौरस फूट जागा हवी. दाटी झाली, उजेड प्रखर असला की ती एकमेकांची बोटं आणि शेपट्या टोचतात. रक्त दिसलं की बाकीची त्यावरच तुटून पडतात, त्यामुळे जखमी पिल्लू तत्काळ वेगळं. मेथीची किंवा कोथिंबिरीची जुडी टांगली की चोचींना काम मिळतं.

घरात खुडूक कोंबडी अंड्यांवर दोन-तीन आठवडे बसलेली असेल तर बल्बचा एवढा खटाटोप लागतच नाही. अंधार पडल्यावर एक-दोन दिवसांची आठ-दहा पिल्लं अलगद तिच्या पंखाखाली सरकवायची आणि अंडी काढून घ्यायची. सकाळी ती टोचत नाही ना, हे उजाडताच बघायचं.

सहाव्या आठवड्यात पिसं पूर्ण आली की खुराडा. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्डेड. एक इंची षटकोनी जाळीतून उंदीर आणि साप सहज शिरतात, आणि मांजर बाहेरूनच पंजा घालून ओढतं. दार मुंगसाला उघडणार नाही अशा कडीचं. पिल्लं संध्याकाळी हलवायची. नवीन जागेत पहिल्या रात्री ती एका कोपऱ्यात गोळा होऊन एकमेकांवर चढतात, म्हणून कोपऱ्यांत तुसानं भरलेली पोती उभी करते आणि अंधार पूर्ण पडून ती शांत होईपर्यंत हातानं एकेकाला बाजूला करत तिथेच बसते. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून ती आपापली दांडीवर चढतात.